तिसऱ्या अंकातलं उठणं

राजेंचं लग्न झालेलं नव्हतं, तरी नवराबायकोने एकमेकांवर प्रेम कसं करावं हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत. प्रयोग संपला की मेकअपच्या खोलीच्या दाराशी एखादं जोडपं हमखास उभं असायचं. बायको डोळे पुसत असायची आणि नवरा चोरासारखा तिच्या मागे. "यांना जरा सांगा हो," ती म्हणायची, "तिसऱ्या अंकात तुम्ही तिच्याकडे कसं बघता ते." राजे तोंडावरचा रंग पुसत पुसत नम्रपणे हसायचे आणि म्हणायचे, "ती सगळी लेखकाची किमया." ही शुद्ध थाप होती. लेखकाने त्या जागी "तो उठतो" एवढंच लिहिलं होतं.

राजे हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पहिल्या नाटकात ते राजाच्या दारावरचे भालदार होते. वाक्य एकही नव्हतं, पण भाला घेऊन असे रुबाबात उभे राहिले की राजाकडे कुणी बघेना. तेव्हापासून ते राजे झाले, आणि राज्य काही मिळालं नाही तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्रेपन्नाव्या वर्षी भाजीवालीसुद्धा त्यांना राजेच म्हणायची आणि वर किडकी भेंडी गळ्यात मारायची.

हे नाटक आठ वर्षं चाललं होतं. आठवड्यातून तीन प्रयोग, रविवारचे दोन वेगळे. वीस वर्षांनी परत आलेला एक माणूस आणि त्याची वाट कधी बघितलीच नाही असं सोंग करणारी एक बाई, एवढीच गोष्ट. तिसऱ्या अंकात ती त्याचं जुनं पत्र फाडून फेकते. तो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करतो, ती बोलत राहते, आणि मग तो उठतो. पहिली पाच वर्षं राजे आपले आपण उठत होते. सहाव्या वर्षी एका दुपारच्या प्रयोगात डावा गुडघा अडकला. खाली बसलेले राजे खालीच राहिले. हातात कागदाचे तुकडे, समोर भरलेलं थिएटर, आणि पाय ऐकेना. तेव्हा समोर उभ्या असलेल्या बाईंनी वाकून त्यांचे दोन्ही हात धरले आणि त्यांना हळूहळू, अगदी हळूहळू वर ओढलं. थिएटरात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मग अशा टाळ्या पडल्या की पडद्यामागे नखं खात उभ्या असलेल्या दिग्दर्शकाचा जीव भांड्यात पडला.

या दिग्दर्शकाला सगळे हेडमास्तर म्हणत, कारण तालमीत त्यांच्या हातात लाकडी पट्टी असे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्या एका उठवण्यात अख्ख्या जन्माचं प्रेम दिसतं. हेडमास्तरांनी ते कात्रण कापून ठेवलं आणि लाल शाईने संहितेत लिहिलं, "ती त्याला उठवते." जणू रात्रभर जागून सुचलं होतं. राजेंनी बाईंना सांगितलं, "पायाला मुंग्या आल्या होत्या, बाकी काही नाही." बाई म्हणाल्या, "असं होय." तिथून पुढे प्रत्येक प्रयोगात बाई त्यांना उठवायच्या. राजेंची समजूत अशी की गुडघ्याचं कुणालाच माहीत नाही. आपण उजव्या पायावर भार घेऊन थोडी उसळी मारतो, बाई नुसता हात लावतात, आणि लोक भुलतात.

आता बाईंबद्दल. या नाटकातल्या नायिका. दिवसा एका शाळेत शिकवायच्या, घरी म्हातारे वडील. नवरा बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. त्यावर त्या कधी बोलत नसत, आणि कुणी कीव करू लागलं तर त्याला शाळेतल्या पोरांसारखं गप्प बसवत. रंगमंचावर त्या राजेंना "तू" म्हणायच्या. पडदा पडला की "तुम्ही". राजेंना तो पडदा पडण्याचा आवाज आवडत नसे.

कारण सरळ आहे आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. राजेंचं बाईंवर प्रेम होतं. दुसऱ्या वर्षापासून होतं. आणि एवढ्या लोकांना प्रेमाचे धडे देणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत तोंडात मूग गिळून बसला होता.

एकदाच धीर केला होता, पाचव्या वर्षी. तीन दिवस न्हाणीघरात स्वतःशी बोलून शब्द जुळवले होते. प्रयोगाआधी बाई कपड्यांच्या खोलीत एकट्याच इस्त्री करत होत्या. राजे दारात उभे राहिले, तोंड उघडलं, आणि न्हाणीघरातलं एकही वाक्य आठवेना. हजारभर प्रयोगांची सवय झालेली जीभ आपल्या रुळावरून निघाली. "पाठ फिरवू नकोस. मला तुझ्याशी बोलायचंय," असं ते म्हणाले. हे दुसऱ्या अंकातलं वाक्य. नटांची खोड सगळ्यांना ठाऊक असते, बसमध्ये, जेवताना, कुठेही संवाद घोळवत बसतात. बाईंनी इस्त्रीवरची नजर न उचलता पुढचं वाक्य म्हटलं. राजेंनी त्याच्या पुढचं म्हटलं, कारण दुसरं काय म्हणणार? असा अख्खा प्रवेश इस्त्रीच्या टेबलापाशी पार पडला. शेवटी बाई म्हणाल्या, "पाठ आहे तुमचं, काळजी नको." राजे "बरं" म्हणून परत आले आणि मिशी चिकटवायला बसले.

राजे थोरल्या भावाकडे राहत. घरात कारभार वहिनींचा. वहिनींना नाटकाचं कौतुक नव्हतं, पण माणसं बरोबर वाचता यायची. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं आणि यापुढे गुडघ्यावर बसणं बंद केलं, तेव्हा राजे दोन दिवस जेवले नाहीत.

"भावजी, गुडघ्यासाठी कुणी उपाशी राहत नाही," वहिनी म्हणाल्या. "नाटक सुटलं म्हणून बसलाय का ती सुटेल म्हणून?"

"कोण ती?"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सोमवारी सकाळी तुमचं तोंड बघवत नाही. प्रयोग असला की दाढी दोनदा."

"नाटकात दिसावं लागतं, वहिनी."

"तुमचं प्रेम तिकीट काढलेल्यांनाच दिसायचं काय? जिच्यावर आहे तिला फुकटात सांगा की एकदा."

"वेळ बघून सांगेन."

"न कर्त्याचा वार शनिवार," म्हणून वहिनींनी त्यांच्यापुढे ताट सरकवलं, आणि खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

वेळ खरोखरच थोडा राहिला होता. राजेंच्या जागी नवा नट घेतला होता, आणि हेडमास्तरांनी बारा दिवसांच्या तालमी लावून राजेंनाच विनंती केली होती की त्या पोराला भूमिका समजावून द्या. एकोणतीस वर्षांचा, देखणा, कष्टाळू, वर नम्रही. दोष काढायला जागा नव्हती, हाच राजेंच्या लेखी मोठा दोष. सगळे त्याला नवा म्हणत. बारा दिवस संपले की राजेंना बाईंच्या समोर जाण्याचं काही कारण उरणार नव्हतं. सहज म्हणून कुणाच्या घरी जायची त्यांची रीत नव्हती. जे सांगायचं ते या बारा दिवसांत, नाहीतर कधीच नाही. त्यातले आठ दिवस टोपी कुठे ठेवायची आणि दुसऱ्या अंकात खुर्ची कुठल्या हाताने ओढायची हे सांगण्यात गेले.

तालीम एका सायकलच्या दुकानाच्या वर, लांबट खोलीत चालायची. जमिनीवर खडूने आखलेल्या दारंखिडक्या, एक टेबल, आणि भिंतीशी घडीच्या खुर्च्यांच्या तीन रांगा. नवव्या दिवशी संध्याकाळी हेडमास्तरांनी तिसरा अंक काढला. "राजे, तुम्ही समोर बसा," ते म्हणाले. "लांबून बघा, काय चुकतंय ते सांगा." राजे तिसऱ्या रांगेत, पाय लांब करून बसले. आठ वर्षांत हा प्रवेश त्यांनी कधी समोरून बघितलाच नव्हता. कसा बघणार? ते त्याच्या आत होते.

बाईंनी पत्र फाडलं. नवा गुडघ्यांवर बसला, तुकडे गोळा केले आणि स्प्रिंगसारखा ताडकन उभा राहिला. बाईंचे दोन्ही हात पुढे आलेले तसेच हवेत राहिले.

"पुन्हा," हेडमास्तरांनी पट्टी आपटली. "नव्या, बाई तुला उठवतात. तू उठायचं नाहीस."

पुन्हा झालं. नव्याने हात दिले आणि बाईंनी धरायच्या आत तो अर्धा वर आलेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. सगळं बरोबर होतं आणि काहीच होत नव्हतं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," हेडमास्तर पुटपुटले, आणि ते नव्यालाही ऐकू गेलं. पोराचे कान लाल झाले.

राजे मात्र नव्याकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या पायांकडे बघत होते. नवा खाली बसायच्या कितीतरी आधी, चार वाक्यं आधी, बाई बोलता बोलता डावा पाय मागे घेत होत्या. टाच जमिनीत रोवत होत्या. खांदे खाली सोडत होत्या. विहिरीवरून भरलेली घागर ओढणारी बाई जशी आधी पाय घट्ट करते, तशा. हे कुठल्या संहितेत लिहिलेलं नव्हतं, लाल शाईनेही नाही. हे एका जड, दुखऱ्या पुरुषाचं वजन पेलायची तयारी होती, आणि ती तयारी अंगात इतकी मुरली होती की समोर स्प्रिंगसारखा पोरगा असतानाही पाय आपोआप मागे जात होता. मग राजेंचं लक्ष त्यांच्या उजव्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेलं. वर्षभर तो पट्टा होता. विचारलं की बाई म्हणायच्या, "वह्या तपासून दुखतंय." आणि राजे, शहाणे, त्यांना मलम सुचवायचे.

आपण उसळी मारतो म्हणे.

"राजे," हेडमास्तर ओरडले, "काय कमी आहे?"

राजे उठून पुढे गेले. काय कमी आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि ते या पोराला द्यावं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. हेवा वाटला त्यांना. पण काम ते काम. ते नव्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुला उठायचंय, पण उठता येत नाहीये. डावा गुडघा गेलाय तुझा. आणि ते तिला कळू द्यायचं नाही."

"म्हणजे मनात काय आणू, सर? तिच्यावरचं प्रेम?"

"प्रेमबीम नको आणूस. गुडघा आण."

पाचव्यांदा नवा खाली बसला तो बसलाच. उठायला गेला, थांबला, तोंडावर काही दिसू नये म्हणून हसला. बाईंनी त्याला वर ओढलं. कोपऱ्यात संहिता धरून बसलेल्या माणसाने पान उलटायचं सोडून वर बघितलं. हेडमास्तरांनी पट्टी खाली ठेवली. "चहा घ्या," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून एवढी शाबासकी क्वचितच निघे.

बाई चहाचा पेला घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. राजे तिथे गेले.

"बाई, वह्या तपासून नाही दुखत ते मनगट."

बाईंनी एक घोट घेतला. "उशिरा कळलं, पण कळलं म्हणायचं."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मोठेपणा करून एकटे उठला असतात. आणि दुसऱ्या दिवशी पडला असतात."

खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. राजेंनी तो आवाज थांबायची वाट बघितली. मग वाटलं, वाटच बघायची तर आणखी आठ वर्षं बघता येईल.

"बाई, हे नाटकातलं नाही हं. आधीच सांगतो." एवढं बोलून त्यांना दम लागला. "रविवारचे दोन प्रयोग झाले की मला सोमवार नको वाटतो. सोमवारी मी नुसता घरात फिरत असतो. तुम्ही नसलात की मला कशात रस वाटत नाही. चहातसुद्धा नाही. मला तुम्ही फार... लेखकाने बरं लिहिलं असतं हे. पण माझं आहे ते असं आहे."

बाईंनी पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "कधीपासून?"

"दुसऱ्या वर्षापासून. एकदा सांगायला आलो होतो. तुम्ही इस्त्री करत होतात. मी चुकून नाटकातलं वाक्य बोललो आणि तुम्ही पुढचं म्हणालात."

बाई हसल्या. मग हसू थांबलं आणि त्यांनी तोंडावर हात धरला. "त्या दिवशी मी बाही जाळली होती," त्या म्हणाल्या. "ती उगाच नाही जाळली. मला क्षणभर वाटलं होतं. मग म्हटलं, नाही, संवाद पक्के करतायत."

"म्हणजे तुम्हालाही?"

"राजे, मी तुम्हाला सांगतच होते. आठवड्यातून तीनदा, रविवारी दोनदा. भरल्या थिएटरात, खणखणीत आवाजात. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. तुम्हालाच गेलं नाही."

"मला वाटलं तो तुमचा अभिनय."

"तुम्ही ऐकत कुठे होतात? माझ्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द तेवढे टिपायचे, म्हणजे आपलं वाक्य कुठून सुरू करायचं ते कळतं. मला दिसायचं ना. मी जीव तोडून बोलत असायचे आणि तुमचं चित्त सगळं गुडघ्यात."

हे इतकं खरं होतं की राजेंना रागही आला नाही. "मग आता सांगा," ते म्हणाले. "आता ऐकतो. शेवटपर्यंत ऐकतो."

बाईंनी खाली रस्त्याकडे बघितलं. बोलल्या तेव्हा आवाज शाळेतला नव्हता आणि नाटकातलाही नव्हता.

"आता ते पाठ झालंय, राजे. पहिली काही वर्षं माझं मला कळायचं, एवढं नाटकातल्या बाईचं आणि एवढं माझं. रोज त्यात माझं थोडं घालायचे. मग इतक्या वेळा म्हटलं की वेगळं करता येईना. तुम्ही जपून ठेवलंत, तुमच्यापाशी ते अजून आहे. मी रोजच्या रोज सगळं तिथे संपवून घरी जायचे. आता शोधते तर हाताला फक्त वाक्यं लागतात." त्या थांबल्या. "तुम्हाला आत्ता छान काहीतरी सांगू शकते मी. डोळ्यांत पाणीही आणू शकते. म्हणूनच नाही सांगत. तुम्हाला तरी खोटं नको."

राजेंना म्हणायचं होतं की खोटं चालेल. अगदी तोंडावर आलं होतं. पण ज्या माणसाने आयुष्यभर खोटं खरं करून दाखवलं, त्याला त्या दोन्हींतला फरक कळतो, आणि आता कळून घ्यायची इच्छा नसली तरी कळतो. बाईंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला, पट्टा बांधलेला हात, आणि काढून घेतला.

"ऑपरेशन करून घ्या," त्या म्हणाल्या. "दुखणं अंगावर काढू नका."

पट्टी टेबलावर आपटली. "वरून घेऊ," हेडमास्तर म्हणाले. "पत्र फाडण्यापासून. न थांबता."

राजे पुन्हा तिसऱ्या रांगेत बसले. बाई खडूच्या दाराशी गेल्या, नवा आपल्या जागी गेला. पत्र फाटलं. नवा खाली बसून तुकडे गोळा करू लागला आणि बाई त्याच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत बोलू लागल्या. राजेंनी ते ऐकलं. गुडघा नव्हता, वाक्य नव्हतं, टिपायचं काही नव्हतं, म्हणून पहिल्या शब्दापासून ऐकलं.

"तू गेल्यापासून मी दार उघडं ठेवलं असं समजू नकोस," बाई म्हणाल्या. "लावलं. रोज संध्याकाळी लावलं. कडी घातली. फक्त कडी घातल्यावर हात लगेच काढता यायचा नाही. थोडा वेळ तसाच धरून उभी राहायचे. घरातले विचारायचे, काय करतेस? मी म्हणायचे, कडी नीट बसत नाही. वीस वर्षं कडी बसत नव्हती. कुणी दुरुस्त करायला निघालं की मी नको म्हणायचे. राहू दे म्हणायचे. एवढं एक राहू दे."

राजेंना "राहू दे" तेवढं पाठ होतं. आठ वर्षांत बाकीचं एकदाही त्यांच्या कानात शिरलं नव्हतं. हे त्यांना सांगितलं जात होतं, प्रत्येक वेळी, वाकलेल्या त्यांच्या मानेवरून, आणि ते कागद मोजत होते. आता त्यांचं वाक्य होतं. ते छातीतून वर आलं, ओठ उघडलेसुद्धा.

"मी बाहेरच उभा होतो," नवा म्हणाला. चांगलं म्हणाला.

बाईंनी मान खाली केली आणि नव्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. मग पाय मागे घेऊन त्याला दोन्ही हातांनी वर उठवलं.

खोलीत कुणी हललं नाही. हेडमास्तर मागे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "काय राजे, आता खरं वाटतंय ना?"

राजेंनी मान हलवली. "वाटतंय," ते म्हणाले, कारण खरंच वाटत होतं.